उसनी फुलेश्वरी

पोट्टं उसनं आणाची रीत आमच्यात नवी नाही. शेजारीण साखर उसनी नेते, शिडी नेते, घरी लग्न असलं तर पराती नेते. तसंच आम्ही बालवाडीवाल्या बाया तपासणीच्या दिवशी एकमेकीचे पोट्टे नेतो. हसू नोका. वरून साहेब येणार, त्याच्या कागदावर लिहिलेलं असते का इतके डोके पायजेत म्हणजे पायजेत, अन् नेमकं त्याच दिवशी कोणाच्या घरी बारसं निघते, कोणाले गोवर येते. मंग काय करा? पलीकडच्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, चार पोट्टे आणाचे, दुपारी वरणभात खाऊ घालाचा अन् परत पोचवाचे. मी सोता दोनदा बीरगावच्या बाईले पोट्टे पाठवले आहेत, केसाले तेल लावून, ऑटोत बसवून. तवा मले त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मी शेवंता. रायपूरच्या गुढियारीत राहते. मालक तुळशीराम, रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाले. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण सासऱ्याच्या वेळेपासून इथंच. मले राग लवकर येते हे साऱ्या पाऱ्याले माहीत आहे, मी काही लपवून ठेवलेलं नाही. आमच्या विहाराच्या बाजूले एक खोली आहे, तिच्यात मी सात वर्षं लहान पोट्ट्यांची बालवाडी चालवली. हमालाचे, रिक्षावाल्याचे, रेल्वेवाल्याचे, साऱ्यांचे पोट्टे. कोणी घरी मराठी बोलते, कोणी छत्तीसगढी, कोणी उडिया, अन् भांडाले लागले का सारे हिंदी बोलतात. मले सारे दीदी म्हणतात.

छापील पुस्तकं माह्यापाशी कधी पुरली नाहीत. मालधक्क्यावरचे बाद झालेले फॉर्म यायचे, एका बाजूनं कोरे. तुळशीराम ते गठ्ठ्यानं आणून द्यायचे. मी ते मधातून दुमडून दोऱ्यानं शिवायची, अन् एकेका पोट्ट्याच्या नावाचं एकेक पुस्तक बनवायची. पोट्ट्यानं येऊन मले काहीबी सांगाचं अन् मी ते त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं, त्याच्या डोळ्यासमोर लिहाचं. बुद्धभूषण नावाचं चार वर्षाचं कार्टं म्हणे, "माह्या बाबाच्या सायकलले घंटी नाई, बाबाच वराडते." मी तसंच लिहिलं. मंग ते लेकरू बोट ठेवून आपलंच बोलणं वाचते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं वाचते, अन् चार-सहा महिन्यात दुकानाची पाटी वाचून आईले सांगते का इथं चहापत्ती भेटते. ही काही मोठी विद्या नाही. फक्त एक गोष्ट सांभाळा लागते, का पोट्टं जे बोललं तेच लिहाचं. आपल्याले आवडलं नाही म्हणून बदलाचं नाही. एकदा का लेकराले कळलं का आपण बोललो एक अन् बाईनं लिहिलं दुसरंच, का संपलं. मंग ते अक्षरावर भरवसाच ठेवत नाही.

ही गोष्ट छत्तीसगढ राज्य नवं झालं त्याच्या तिसऱ्या वर्षाची. रायपूर राजधानी झालं अन् गावाले सत्काराचं याड लागलं. जिकडे पाहा तिकडे शाल-श्रीफळ. त्यातच रिटायर झालेल्या मास्तर-मास्तरणींच्या एका मंडळानं ठरवलं का सहा वर्षाच्या आतल्या लेकराले अक्षराची गोडी लावते अशा माणसाचा गौरव कराचा. एक गौरव एकट्या माणसाले, एक बचतगट-मंडळासारख्या गटाले. कोणीतरी माह्यं नाव पाठवलं. पहिल्या चाळणीतून मी पास झाली, दुसरीतूनही झाली. मले त्या शालीचं काही पडलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, साऱ्याच असं म्हणतात. पण माह्यं खरंच वेगळं होतं, कारण माह्या बोकांडी खोली बसली होती.

विहार कमिटीचे अध्यक्ष गुलाबराव. माणूस वाईट नाही, पण कमिटीचा मंडप, बांबू, सतरंज्या पावसात भिजून राहिल्या होत्या अन् त्याले ठेवाले जागा पायजे होती. त्यानं मले सरळ सांगतलं, "वयनी, सात वर्षं झाली. आता महिनाअखेर खोली खाली करून द्या. गौरव भेटला तर मी कमिटीत उभा राहून बोलीन का हे काम राजधानीनं मानलं, खोली राहू द्या. नाही भेटला तर माह्यापाशी बोलाले तोंड नाही." म्हणजे गौरव भेटला तर बालवाडी, नाही तर बांबू. पंधरा पोट्टे कुठं नेऊन बसवू? माह्यं घर दीड खोलीचं.

अन् मंग मंडळाची चिठ्ठी आली. गुरुवारी दहा वाजता शेवटची पाहणी. पटावरचे पंधराही हजर पायजेत. नावाच्या चिठ्ठ्या टाकणार, तीन उचलणार, त्या तीन लेकरांनी आपापलं पुस्तक मंडळाच्या बाईसमोर वाचाचं.

चिठ्ठी वाचली अन् मी पटावरची नावं मोजली. पंधरावी फुलेश्वरी होती.

फुलेश्वरीले आम्ही फुलो म्हणतो. साडेपाच वर्षाची. मायबाप वीटभट्टीवर दूर दुसऱ्या राज्यात, सहा-सहा महिने येत नाहीत. ती आजीपाशी राहते, अन् आजी सकाळपासून धान्याच्या गोदामात झाडाले जाते. ही पोट्टी परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही. उघडत नाही म्हणजे अगदीच नाही. पहिले आठ महिने तर ती माह्यासंगही बोलली नाही. मंग एक दिवस मी दुसऱ्याचं पुस्तक लिहून राहिली होती, तर मागून आली अन् माह्या कानाले तोंड लावून काहीतरी म्हणाली. मी लिहिलं. तवापासून तिचं सारं कानातच. वाचाची तेही कानातच, बारीक आवाजात, गुदगुल्या व्हायच्या. गुलाबराव एकदा आले अन् लाडानं म्हणाले, "बेटी, नाम बताओ", तर ती टेबलाखाली गेली अन् तिथंच ओली झाली. तिची चिठ्ठी निघाली तर काय होणार हे मले दिसून राहिलं होतं.

मी बुधवारी तात्यापाऱ्यात गेली, माह्या भाचीकडे, भावनाकडे. तिची पोट्टी अनुश्री, साडेसहा वर्षाची, इंग्रजी शाळेत पहिलीत. वाचाले अशी पक्की का हिंदी पेपरातली जाहिरातही धडाधड वाचते. भावनाले सांगतलं, "एका दिवसासाठी दे. फुलेश्वरी म्हणून बसवीन." भावना हसली. "मावशी, ती मराठीत बोलत नाही, हिंदीत उत्तर देते, चालेल?" म्हटलं, चालेल, पळेल.

घरी येऊन तुळशीरामले सांगतलं तर ते जेवता जेवता थांबले. "अन् त्या फुलोले काय सांगशील?"

"सुट्टी आहे म्हणून सांगीन. तिले काय कळते?"

"तू लहान होती तवा तुले कळत नव्हतं का?"

मी ताट उचललं अन् मोरीत आपटलं. मी चुकत असली का असंच करते.

संध्याकाळी फुलोच्या घरी गेली. आजीले सांगतलं, "उद्या हिले पाठवू नोका. मोठे लोक येणार आहेत, ही घाबरंल." आजी म्हणाली, "हव, बाई." फुलो दाराच्या मागं उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहाले पायजे होतं, पण नाही पाहिलं.

गुरुवारी साडेनवालेच बाई दाराशी. मंदाकिनीबाई, रिटायर हेडमास्तरीण, अमरावतीच्या. पोराची बदली नव्या राजधानीत झाली म्हणून चार महिन्यांआधी आल्या होत्या. पांढरी सुती साडी, खांद्याले पिशवी, पायी आलेल्या. मले वाटलं होतं गाडी येईल, हॉर्न वाजंल, मले पदर सावराले वेळ भेटंल. बाईनं चप्पल काढून पोट्ट्यांच्या चपलांच्या रांगेत बरोबर लावली, अन् तेव्हाच मी ओळखलं का हिच्या नजरेतून काही सुटणार नाही.

मी हजेरी घेतली. मदतनीस शारदा बाजूले उभी होती, तिचे ओठ सुकून गेले होते. एकेक पोट्टं "हव" म्हणून राहिलं होतं. मी म्हटलं, "फुलेश्वरी." अनुश्री उभी राहिली अन् खणखणीत म्हणाली, "येस मैम."

बुद्धभूषण खुदकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं का त्यानं गुडघ्यात तोंड घातलं. फुलेश्वरीच्या नावासमोर मी हजर मांडलं.

भिंतीले सुतळी बांधलेली, तिच्यावर चिमट्यानं पंधरा पुस्तकं टांगलेली. बाई तिथं लय वेळ उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकेक पुस्तक उघडून पाहिलं. एक पुस्तक तर दोनदा वाचलं, अन् त्यांच्या तोंडावर हसू आलं. कोणाचं आहे ते मले लांबून दिसत होतं, निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. फुलोचं.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिली निघाली बुद्धभूषणची. त्यानं सायकलवालं पान वाचलं, बोट पुढं पळालं, आवाज मागं राह्यला, पण वाचलं. दुसरी एका हमालाच्या पोट्टीची, तिनंही वाचलं. तिसरी चिठ्ठी बाईनं उघडली अन् म्हणाल्या, "फुलेश्वरी."

मी मनात म्हटलं, बरं झालं, अनुश्री आहे. खरंच असं म्हटलं.

बाईनं निळ्या दोऱ्याचं पुस्तक सोता काढून अनुश्रीच्या हातात दिलं. अनुश्रीनं एका दमात वाचलं, "डोकरी दाई के एक ठन छेरी हे. छेरी ह मोर चद्दर ल खा दिस. अब मंय अउ छेरी दूनो जाड़ मा हन." म्हणजे आजीच्या छेरीनं माह्यी चादर खाल्ली, आता मी अन् छेरी दोघी थंडीत. अनुश्री कुठं अडली नाही. शारदानं श्वास सोडलेला मले ऐकू आला.

बाई खाली बसल्या, अनुश्रीच्या बरोबरीनं. "शाब्बास. ये छेरी क्या होती है बेटा? मैं नई हूँ ना, मुझे नहीं मालूम."

अनुश्रीनं माह्याकडे पाहिलं. मंग पुस्तकाकडे. मंग म्हणाली, "पता नहीं मैम."

"तुम्हारी चद्दर खाई ना उसने?"

"मेरी चद्दर तो किसी ने नहीं खाई."

अन् बुद्धभूषण, जो एरवी मी दहादा विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नाही, तो उभा राह्यला. "छेरी माने बकरी, मैडम. अउ ये फूलो नो हे. फूलो घर मा हे."

माह्यं तोंड माह्या आधी चाललं. "बाई, फुलोले ताप आला. रात्रीपासून. ही माह्या भाचीची पोट्टी, आज पाहुणी आली, तिच्या जागेवर बसली, अन् नाव घेतलं तर उठली. लेकरं आहेत."

"तुम्ही हजेरी मांडलीत," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"घाईत मांडली."

बाईनं कागदावर काही लिहिलं नाही. पेन तसंच हातात ठेवलं. "घर लांब आहे का तिचं?"

लांब आहे म्हटलं असतं तर बुद्धभूषणनं खरं अंतर सांगतलं असतं. म्हटलं, "जवळच आहे."

"मग चला. हे पुस्तक ज्या मुलीनं सांगितलं, तिला मला भेटायचंय."

पोट्टे शारदापाशी सोडले अन् निघालो. फुलोचं पुस्तक बाईच्या हातात होतं. माह्या पिशवीत कोरे फॉर्म, पाटी अन् पेन नेहमीच असते, ती पिशवी खांद्यावर. गल्लीत पोत्यांनी भरलेला ठेला आडवा लागला होता, तो निघेपर्यंत आम्ही दोघी भिंतीले चिकटून उभ्या राहिलो. तिथं बाई म्हणाल्या, "शेवंताबाई, मी बत्तीस वर्षं शिकवलं. मुलाचं बोलणं मुलाच्याच शब्दांत असं लिहून ठेवलेलं मी कुठं पाहिलं नाही. आम्ही मुलांची भाषा सुधारायलाच बसलो होतो. खरं सांगते, माझ्याकडून तुमचं नाव जवळजवळ ठरलंय. फक्त हा एक खुलासा झाला की झालं."

काय वाटलं म्हणून सांगू? सात वर्षात माह्या कामाले कोणी काम म्हटलं नव्हतं. पोट्टे सांभाळते म्हणाचे. माह्या डोळ्यात पाणी आलं. एक मन म्हणे, इथंच सांगून टाक, ठेला जाऊन राहिला आहे, आता सांग. दुसरं मन म्हणे, खोली. ठेला निघून गेला. मी पुढं चालाले लागली.

फुलो उंबरठ्यावर बसली होती. आजी कामावर गेलेली. पोट्टीनं चांगला फ्रॉक घातला होता, लाल, सणाचा. वेणी तिची तिनंच घातली असंल, अर्धी सुटलेली. येऊ नोको सांगतलं तरी ती तयार होऊन बसली होती. दुरून परक्या बाईले पाहून ती उठली अन् आत जाऊ लागली. बाई अजून दहा पावलं मागं होत्या. मी मोठ्यानं, मागं ऐकू जाईल असं विचारलं, "काय वं फुलो, बुखार उतरला का नाही?"

असं मी केलं. साडेपाच वर्षाच्या पोट्टीच्या तोंडाजवळ मी खोटं नेऊन ठेवलं, घासासारखं.

फुलो थांबली. तिनं माह्याकडे पाहिलं, मंग मागून येणाऱ्या बाईकडे, मंग परत माह्याकडे. पोट्टी हुशार. मी म्हटलं होतं तिले काय कळते, तिले सारं कळलं. बाई जवळ आल्या, वाकल्या, "कैसी हो बेटा?" अन् फुलो, जी गुलाबरावसमोर टेबलाखाली गेली होती, ती मान वर करून सरळ बाईच्या तोंडाकडे पाहून बोलली. मोठ्यानं.

"मोला बुखार हे."

आधी मले आनंदच झाला. शपथेवर सांगते. परक्या माणसासमोर फुलो बोलली, आवाज निघाला, माह्या दीड वर्षाच्या मेहनतीले फळ आलं असं वाटलं. अर्धा क्षण. मंग कळलं का तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते माह्यं खोटं बोलाले. माह्या कानशिलात कोणी लावली असती तर बरं वाटलं असतं.

बाईनं तिच्या कपाळाले हात लावला. "अंग तर थंड आहे."

"रात के रिहिस," फुलो म्हणाली. रात्री होता. आता तिनं आपल्या मनानंही जोडलं, मले वाचवाले.

मंदाकिनीबाई सरळ झाल्या. त्यांनी माह्याकडे पाहिलं, लय वेळ. मले वाटलं आता विचारतील. पण त्या उंबरठ्यावर टेकल्या, पिशवीतून कागद काढला. "ठीक आहे. मुलगी आहे, घरी आहे, बोलते आहे. अनुश्रीचं मी पाहुणी म्हणून सोडून देते. आता एकच रकाना राहिला, कामाची पद्धत प्रत्यक्ष पाहिली. तिचं आजचं पान माझ्यासमोर लिहा, मी सही करते, अन् तुम्ही सुटलात."

सुटलात म्हणाल्या.

मी पिशवीतून फॉर्म काढला, पाटीवर उलटा ठेवला, पेन उघडलं. फुलोले जवळ घेतलं. रोज विचारतो तसंच विचारलं, "बोल, आज का लिखना हे?"

फुलो माह्या कानाशी आली. तिच्या तोंडाले खोबऱ्याच्या तेलाचा वास येत होता, केसाचं तेल गालावर उतरलेलं. ती रोज एक वाक्य सांगते, फार तर दोन. त्या दिवशी तिनं तीन सांगतले. हळू, एकेक, मले लिहाले वेळ भेटंल असे.

"दीदी ह लबारी मारिस. महूं लबारी मारेंव. मोला बुखार नइ रिहिस."

दीदी खोटं बोलली. मी पण खोटं बोलली. मले ताप नव्हता.

पेन माह्या हातात तसंच. बाईले काही ऐकू आलं नव्हतं, त्या पाण्याची बाटली उघडत होत्या. त्यांच्या सहीचा कागद मांडीवर होता. मी काहीही लिहू शकली असती. दाई कामाले गेली, छेरी दोरी तोडून पळाली, काहीही. छत्तीसगढी त्यांना येत नव्हती, त्या वाचून हसल्या असत्या अन् सही केली असती. महिनाअखेर खोली राह्यली असती, पंधरा पोट्टे तिथंच बसले असते. एका पानासाठी पंधरा पोट्टे रस्त्यावर आणाचे का? मी मनात असा हिशोब करून राहिली होती, अन् तो हिशोब चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते.

पण फुलो माह्या खांद्याले टेकून कागदाकडे पाहून राहिली होती. तिचं बोट तयार होतं, पेन पुढं जाईल तसं मागं चालाले. तिले वाचता येत होतं. मीच शिकवलं होतं. छेरी लिहिली असती तर तिनं छेरीच वाचलं असतं, अन् वर मान करून माह्याकडे पाहिलं असतं. अन् मंग तिनं त्याच दिवशी शिकून घेतलं असतं का कागदावर लिहिलेलं तेच असते जे मोठ्यांना परवडते. कदाचित ती पुन्हा माह्या कानाशी आलीच नसती.

मी लिहाले लागली. दी लिहिलं. दुसरा दी लिहिला. मले माह्याच अक्षराची भीती वाटत होती. ह. मंग लबारी, ल काढताना पेन कागदाले अडलं अन् शाई जाड उतरली.

मले वाटलं होतं, लिहून कागद दुमडीन, बाईले म्हणीन घ्या, अन् त्यांना ते उमगणारच नाही. खरं लिहिल्याचं समाधानही राहील अन् गौरवही. माणसाचं मन किती चोरटं असते. पण फुलोनं बोट ठेवलं अन् वाचाले सुरुवात केली, अन् कानात नाही. बाईसमोर एकदा आवाज निघाला होता, तो आता आत जाईना. ती मोठ्यानं वाचून राहिली होती, पेनाच्या मागं मागं, अक्षर वाळायच्या आत.

"दी-दी ह ल-बा-री मा-रिस."

बाटली बाईच्या हातात थांबली. मी दुसरं वाक्य लिहिलं, फुलोनं ते वाचलं. तिसरं लिहिलं, तेही वाचलं. बुखार शब्दावर ती थोडी अडली, ख ओळखला, पुढं गेली.

"लबारी म्हणजे काय, शेवंताबाई?" मंदाकिनीबाईनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. मले वाटते त्यांना अंदाज आलाच होता, आपल्या लबाडीपासून तो शब्द काही लांब नाही. पण त्यांना तो माह्या तोंडून पायजे होता.

"खोटं," मी म्हटलं. "दीदी खोटं बोलली म्हणते. दीदी म्हणजे मी. हिले ताप नव्हता, बाई. ही बोलत नाही म्हणून मीच हिले येऊ नोको सांगतलं, अन् हिच्या नावावर भाचीची पोट्टी बसवली. हिनं जे केलं ते माह्यासाठी केलं. हिच्यावर काही धरू नोका."

बाईनं बाटलीचं झाकण लावलं. मंग त्यांनी कागद मांडीवरून उचलला. "हे मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं. "मीही लिहिलंच."

त्यांनी लिहिलं. सारं लिहिलं असंल, कारण त्या वर्षीचा गौरव दुसऱ्याच बाईले भेटला, अन् महिनाअखेर गुलाबरावनं माह्याकडे न पाहता खोलीत बांबू भरले. आता पंधरातले नऊ पोट्टे माह्या दीड खोलीत बसतात अन् तुळशीराम ड्युटीवरून येऊन बाहेर बाजेवर झोपतात. सहा पोट्टे सुटले. त्यांचं मले वाईट वाटते, रोज वाटते, अन् ते माह्याच करणीनं सुटले हे मी कोणाच्या माथी मारत नाही.

पण ते सारं नंतरचं. त्या वेळी उंबरठ्यावर आम्ही तिघी बसलो होतो, अन् फुलोचं बोट अजून शेवटच्या शब्दावर होतं. तिले ना गौरव माहीत होता ना खोली. ती माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती, रोज वाचून झालं का पाहते तशी, बरोबर वाचलं का नाही ते विचाराले. मले सांगणं भाग होतं, ते माह्यं कामच आहे.

"बरोबर वाचलं, फुलो," मी म्हटलं. "एक पण अक्षर चुकली नाहीस."